त्रांब्ले: एक माणूस, चार मुलगे आणि क्वेबेकभर पसरलेलं आडनाव

बर्फातला_कोल्हापुरी

माझं आडनाव पाटील. "तो अमुक पाटील तुझा कोण?" या प्रश्नाला "कोणी नाही" हे उत्तर मी शाळेपासून देत आलोय. माँट्रियलला नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कचेरीत तीन त्रांब्ले होते. एक हिशेबाला, एक गोदामावर आणि एक आमच्या टीममध्ये. पहिल्याच हिवाळ्यात जेवता जेवता टीममधल्या त्रांब्लेला म्हटलं, तुमचे त्रांब्ले म्हणजे आमच्याकडचे पाटील दिसतात, आडनाव एक आणि नातं काही नाही. तो घास थांबवून म्हणाला, "छे, आम्ही भाऊबंदच. कितव्या पिढीत ते घरी बघून सांगतो." दुसऱ्या दिवशी खरंच कागद घेऊन आला. तो आणि हिशेबवाली त्रांब्ले नवव्या पिढीत एकत्र येतात. गोदामावरच्याचं अजून शोधायचंय म्हणाला.

तिथून मला हा नाद लागला. जमेल तसं लिहितो, चुकलं तर सांगा.

क्वेबेक म्हणजे कॅनडाचा फ्रेंच बोलणारा प्रांत, माँट्रियल त्यातच येतं. तिथल्या सांख्यिकी संस्थेने २००६ साली आडनावांची यादी काढली. पहिला नंबर त्रांब्ले, लोकसंख्येच्या १ टक्क्याहून किंचित जास्त, म्हणजे ऐंशी हजारांच्या आसपास माणसं. मागोमाग गान्यों, रुआ, कोते, बूशार. आता पाटलाच्या दृष्टीने ऐंशी हजार म्हणजे काहीच नाही. पण हे सगळे एकाच जोडप्याचे, हे कळल्यावर मी जेवणाचा डबा बाजूला ठेवला.

मूळ पुरुष पिएर त्रांब्ले. जन्म १६२६, गाव रांदोने, प्रांत पेर्श. पॅरिसच्या पश्चिमेला, नॉर्मंडीला लागून असलेला हा छोटासा टेकड्या-जंगलांचा मुलूख. बापाचं नाव फिलिबेर. पेर्शमधून माणसं कॅनडाला जायला लागली ती मुख्यतः रोबेर जिफार नावाच्या वैद्यामुळे. त्याला १६३४ मध्ये क्वेबेक गावाशेजारची (प्रांताचं नाव या गावावरूनच) बोपोरची जहागीर मिळाली. जहागीर म्हणजे काय, तर नदीकाठचं रान. ते तोडायला, नांगरायला हात हवेत. त्याने आपल्याच पंचक्रोशीतले सुतार, गवंडी, शेतकरी गोळा केले. तुरूव्र गावच्या ज्यूशेरो बंधूंनीही तेच केलं. एकाच्या ओळखीने दुसरा, असं जवळजवळ एका तालुक्यातून हे स्थलांतर झालं. संख्या फार नाही, सगळे मिळून दोन-तीनशे.

पिएर आला १६४७ मध्ये, करारावरचा गडी म्हणून. हे करार सहसा तीन वर्षांचे, म्हणून अशा गड्यांना तिकडे 'छत्तीस महिनेवाले' म्हणत. मुदत भरली की परतीची वाट मोकळी, आणि बहुतेक जण परत गेलेही. हा राहिला. दहा वर्षं सडाफटिंग होता, कारण लग्नाला मुलीच नव्हत्या. २ ऑक्टोबर १६५७ ला त्याने क्वेबेकला ओझान आशोंशी लग्न केलं. ती १६३३ ची, ला रोशेल बंदराजवळच्या ओनिस भागातली, त्याच वर्षी जहाजाने आलेली. दोघांनी सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर काठावर लांज-गार्दियँ इथे संसार मांडला. बारा मुलं झाली. त्यातल्या चार मुलग्यांचे वंश चालले: पिएर, मिशेल, जाक आणि लुई. अमेरिका खंडातले समस्त त्रांब्ले या चौघांचे.

पुढचं उद्या. पोरीला झोपवायचंय.

आडकित्ता

रुमाल टाकून ठेवतो. उच्चार नक्की त्रांब्ले की ट्रेम्ब्ले? आणि आडनावाचा अर्थ काय?

बर्फातला_कोल्हापुरी

@आडकित्ता, त्रांब्ले. 'त्रां' नाकातून, 'गंमत'मधला अनुस्वार नव्हे. माझा कितीही सराव झाला तरी समोरचा हसतोच.

अर्थ तुम्हाला आवडेल. फ्रेंचमध्ये 'त्रांब्ल' म्हणजे अस्पेनचं झाड. मूळ धातू थरथरण्याचा. अस्पेनच्या पानाचा देठ लांब आणि चपटा असतो, त्यामुळे वाऱ्याच्या अगदी हलक्या झुळकीनेही पान हलत राहतं. थोडक्यात आपला पिंपळ. आणि शेवटचा 'ए' म्हणजे त्या झाडांची राई. ओल्नेमध्ये आल्डरची झाडं, शातनेमध्ये चेस्टनटची, तशी त्रांब्लेमध्ये अस्पेनची. आधी जागेचं नाव, जागेवरून गावाचं, गावावरून माणसाचं. पिंपळगावकराने 'कर' गाळून नुसतं पिंपळगाव लावावं तसं. पॅरिसचा मोठा विमानतळ ज्या हद्दीत पसरलाय त्यातल्या एका गावाचं नाव त्रांब्लेच आहे. अशी गावं फ्रान्समध्ये अनेक, म्हणून फ्रान्समधले त्रांब्ले एकमेकांचे कोणी लागत नाहीत. पिंपळगाव बसवंत आणि पिंपळगाव हरेश्वर. तिथे ते पाटील, इथे भाऊबंद.

नर्मदेतला_गोटा

मस्त धागा. ही ओझान म्हणजे त्या 'राजाच्या मुली'पैकी ना? फ्रान्सच्या राजाने हुंडा देऊन वसाहतीत लग्नासाठी पाठवलेल्या?

जुनी_वही

नाही. राजाच्या मुली १६६३ ते १६७३ या काळात आल्या, ७७० ते ८००च्या दरम्यान. ओझान त्याच्या सहा वर्षं आधीची. तेव्हा सरकारी खर्च नव्हता. नातेवाईक, कंपनी किंवा एखाद्या धर्मसंस्थेच्या आधाराने मुली यायच्या. क्वेबेकमध्ये या दोन्ही गटांना वेगवेगळी नावं आहेत आणि तिथली वंशावळवाली मंडळी या बाबतीत फार कडक असतात. 'राजाची मुलगी' म्हणालात तर पणजीची तारीख विचारतात.

वसाहत किती लहान होती याचा अंदाज: तालों या प्रशासकाने १६६६ मध्ये घरोघर जाऊन शिरगणती केली, ती भरली ३,२१५. यात पिएर-ओझानच्या घरात दहा वर्षांच्या आत पोरांची रांग लागलेली.

शेवंती

वाचतेय, आवडतंय. पण एक खटकलं. 'समस्त त्रांब्ले पिएरचे.' अहो, तेवढेच ते ओझानचेही. बारा बाळंतपणं तिची, तीही त्या थंडीत. आशों हे आडनाव मात्र क्वेबेकात पहिल्या पंचवीसात दिसत नाही. 'वंश चालला' हा शब्दप्रयोग आपण किती सहज करतो. मुलींचे वंश काय थांबले का?

गणिती_गोंधळ

शेवंतीताईंच्या मुद्द्याला दुप्पट अनुमोदन. त्याला आकड्याचा आधारही आहे.

झाकारी क्लूतिए नावाचा सुतार, पेर्शचाच, मोर्तान्यचा. १६३४ मध्ये जिफारबरोबर आला. सहीच्या जागी कुऱ्हाडीचं चित्र काढायचा. माँट्रियल विद्यापीठातल्या लोकसंख्येच्या इतिहासकारांनी मोजलं तेव्हा १८०० सालापर्यंत ज्याची वंशवेल सर्वांत मोठी झाली तो हाच, वंशज १०,८५०. दुसरा त्याचा सोबती, गवंडी जाँ गियों, ९,६७४. पिएर त्रांब्ले या शर्यतीत पहिला नाही. तरी आडनावांच्या यादीत त्रांब्ले पहिले आणि क्लूतिए बरेच खाली.

कारण वंशज मोजताना मुली धरतात, आडनाव मोजताना धरत नाहीत. आडनाव फक्त मुलग्याच्या मुलग्याच्या मुलग्याकडे जातं. एखाद्या पिढीत मुलीच झाल्या की दोर तुटला, रक्त कितीही पसरलेलं असो. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये गाल्टन आणि वॉटसन या जोडीने नेमकं हेच गणित मांडलं: आडनावं आपोआप मरतात आणि थोडीच फोफावतात, त्यात कोणाची काही थोरवी नसते. सुरुवातीच्या दोन-तीन पिढ्यांत कोणाला किती मुलगे झाले आणि जगले, यावर पुढचं सगळं ठरतं. चार मुलगे, चौघांचेही संसार, म्हणजे पिएरला पहिल्याच फेरीत चार फासे मिळाले.

दुसरी बाजूही बघा. लफेव्र म्हणजे लोहार. क्वेबेकात लफेव्र भरपूर, पण एकमेकांशी नातं नसलेले अनेक लफेव्र फ्रान्सच्या वेगवेगळ्या भागांतून आले. तिथे लोहार लोहाराचा कोणी नाही. 'आडनाव मोठं' याची ही दोन अगदी वेगळी कारणं.

पायरीचा_दगड

सगळं ठीक, पण हे सगळं कळलं कसं? आपल्याकडे वंशावळ म्हटली की सातव्या पिढीला कोणीतरी थेट सूर्यवंशाला जाऊन भिडतो. तिकडे भाट नसतील का?

जुनी_वही

भाट नाहीत, चर्चची वही आहे. बाप्तिस्मा, लग्न, दफन, प्रत्येकाची नोंद. फ्रान्समध्ये १५३९ च्या राजाज्ञेने बाप्तिस्म्याच्या नोंदी सक्तीच्या झाल्या आणि आडनावं तिथेच पक्की व्हायला लागली. क्वेबेक गावच्या नोंदी १६२१ पासूनच्या. १६४० मध्ये चर्च जळालं, वह्या जळाल्या, तर पाद्र्यांनी लोकांना विचारून त्या पुन्हा लिहून काढल्या.

खरी किल्ली लग्नाच्या नोंदीत. तिच्यात वधू-वर दोघांच्याही आईबापांची नावं असतात, आणि आईचं नाव *माहेरच्या* आडनावासकट. एका लग्नावरून मागच्या दोन लग्नांवर, तिथून चारांवर, असं उड्या मारत थेट जहाजापर्यंत जाता येतं. १८७१ ते १८९० या काळात तांगे नावाच्या पाद्र्याने याच वह्यांवरून सात खंडांचा कोश छापला. १९६६ पासून माँट्रियल विद्यापीठाने १८०० पूर्वीच्या सगळ्या नोंदी संगणकावर चढवल्या.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचं म्हणजे त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या. पण तिथे जो यात्रेला गेला त्याचीच नोंद. घरी राहिलेला गेला.

बर्फातला_कोल्हापुरी

@शेवंती, चूक मान्य. 'चार मुलग्यांची आडनावं चालली' असं वाचावं. आणि माहेरच्या नावाची ती वहिवाट इथे पुढे कायदाच झाली. १९८१ पासून क्वेबेकात लग्नानंतर बाई नवऱ्याचं आडनाव लावूच शकत नाही, सगळे कागद जन्मनावाने. आमच्या सौभाग्यवतींना हे कळलं तेव्हा त्या पहिल्यांदा म्हणाल्या की थंडी असली तरी मुलूख बरा आहे. मुलांना दोन्ही आडनावं जोडून देता येतात. त्रांब्ले-गान्यों नावाच्या मुलीने कोते-बूशारशी लग्न केलं की त्यांच्या पोराचं काय, हा प्रश्न शाळांच्या हजेरीपटाला पडलाय.

आता राहिलेली गोष्ट. नदीकाठच्या पट्ट्या वाटण्या होऊन लवकरच अरुंद झाल्या. थोरला मुलगा पिएर खाली, म्हणजे समुद्राच्या दिशेला शार्लवुआ भागात सरकला, आणि लेझेबुलमाँची जहागीर त्याच्याकडे आली. या गावाच्या नावाचा अर्थ 'दरडी'. फेब्रुवारी १६६३ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला आणि डोंगरच्या डोंगर नदीत उतरले, त्यावरून. दरडीच्या गावचे जहागीरदार! करारावरच्या गड्याच्या मुलाला हे फ्रान्समध्ये कधीच मिळालं नसतं. शार्लवुआत डोंगर आणि नदी यांच्यामध्ये माणसं कोंडलेली. बाहेरून येणारा विरळा. दीडशे वर्षांत तिथे दगड मारावा तर त्रांब्लेला लागावा अशी स्थिती.

मग जागा पुन्हा संपली. उत्तरेला सागने नदीचं खोरं होतं, पण ते कातड्यांच्या व्यापारासाठी हडसन बे कंपनीला भाड्याने दिलेलं. वस्तीला बंदी. १८३८ मध्ये ला मालबेच्या एकवीस जणांनी भागीदारी करून पाइनचं लाकूड तोडण्याच्या निमित्ताने तिथे पाय ठेवला. लाकूड प्राइस नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला विकायचं. कागदोपत्री लाकूडतोडे, मनात शेती. या एकविसांचा म्होरक्या होता अलेक्सी त्रांब्ले, ज्याला सगळे 'पिकोते' म्हणत. पिकोते म्हणजे देवीचे वण असलेला. गावात इतके त्रांब्ले की नुसतं अलेक्सी त्रांब्ले म्हणून भागत नसे. तोंडावरचे वणच त्याचं ओळखपत्र झाले, आणि इतिहासातही तो त्याच नावाने गेला.

सागने भागात आज त्रांब्ले सर्वाधिक आहेत ते यामुळे. हिशेबवाली आमची तिकडचीच.

चार्ल्सकाठची

मॅसॅच्युसेट्समधून लिहितेय. त्रांब्ले इकडेही आहेत, फक्त ओळखू येत नाहीत. १८४० ते १९३० या नव्वद वर्षांत साधारण नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन अमेरिकेत आले. घरटी दहा-बारा पोरं, शेत तेवढंच, कर्ज डोक्यावर, आणि रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावर कापडगिरण्या. लोवेल, मँचेस्टर, वून्सॉकेट, लुइस्टन, फॉल रिव्हर. प्रत्येक गिरणीगावात एक 'छोटा कॅनडा' नावाची चाळवजा वस्ती, स्वतःचं चर्च, स्वतःची शाळा.

मुकादमाला त्रांब्ले लिहिता येईना. त्याने लिहिलं ट्रॉम्ब्ली, ट्रॉम्बली, कुठे ट्रंबल. काहींनी सरळ भाषांतर केलं. रुआ म्हणजे राजा, तो झाला किंग. लब्लां तो व्हाइट. ब्वावँ म्हणजे 'दारू पी', तो चक्क ड्रिंकवाइन! आणि माझा लाडका: कुर्तमाँश म्हणजे आखूड बाही, म्हणून शॉर्टस्लीव्ह. माझ्या मुलीच्या वर्गात एक किंग आहे. त्याची आजी अजून स्वयंपाकघरात फ्रेंचमध्ये शिव्या देते.

गिरणगावात वाढलेल्या माझ्या वडिलांना मी लोवेलच्या गिरणीचं संग्रहालय दाखवलं. बाकी काही बोलले नाहीत, मागांच्या आवाजाशी थांबून राहिले.

आडकित्ता

अवांतर: 'पिकोते'वरून आठवलं. फ्रेंच बोलणाऱ्यांची नावं बदलण्याची ही हौस आपल्याही इतिहासात शिरली आहे. महादजी शिंद्यांची कवायती पलटणं उभी करणारा डी बॉइन मूळचा बन्वा लबॉर्न्य, सव्हॉयमधल्या शांबेरीचा, कातड्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. 'लबॉर्न्य' म्हणजे एकाक्ष, काणा. सेनापतीला कसं शोभेल? त्याने दोन अक्षरं बदलून सरदारी थाटाचं 'द ब्वान्य' करून टाकलं. त्याच्यानंतर दौलतराव शिंद्यांची ही पलटणं सांभाळणारा पेराँ, तो मूळचा पिएर क्यूयिए. म्हणजे उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांची फौज चालवणारे दोन्ही 'फ्रेंच' सरदार स्वतः ठेवलेल्या नावाचे.

जुनी_वही

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. क्वेबेकात या दुसऱ्या नावांना जोडणारा शब्द 'दी' आहे, अर्थ 'म्हणजेच', आपलं ऊर्फ. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर पलटणीचे हजारभर शिपाई आले, त्यातले चारेकशे तिथेच राहिले. शिपाई भरती होताना टोपणनाव घ्यायचा: 'आनंदी', 'गुलाबाचं फूल', 'निर्भय'. पुढे काही घरांत मूळ आडनाव गळालं आणि ऊर्फच आडनाव झालं. म्हणून वहीत एकच माणूस बाप्तिस्म्याला एका नावाने आणि लग्नाला दुसऱ्या नावाने भेटतो, आणि शोधणारा महिनाभर डोकं धरून बसतो.

गोळी_दुपारी_दोन

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक भर. सागने आणि शार्लवुआ ही नावं आम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत. टायरोसिनेमिया हा यकृताचा आनुवंशिक आजार जगात फार दुर्मिळ, पण सागने भागात साधारण वीसात एक माणूस त्याच्या सदोष जनुकाचा वाहक. चालताना तोल जाणारा एक मज्जासंस्थेचा आजार तर १९७८ मध्ये याच दोन भागांच्या नावाने पहिल्यांदा वर्णिला गेला.

लोक लगेच म्हणतात, भावंडांत लग्नं होत असतील. तसं नाही. चर्चची जवळच्या नात्यावर करडी नजर होती. मुळात आलेली माणसं मोजकी, त्यातल्या एखाद्याकडे सदोष जनुक, आणि वस्ती बाहेरची भर न पडता झपाट्याने वाढली, एवढंच कारण. आणि याचा त्रांब्ले आडनावाशी संबंध लावू नका, जनुक मुलींकडूनही तितकंच जातं. वर गणिती म्हणाले तेच. एक चांगली बाजू: क्वेबेकात १९७० पासून प्रत्येक नवजात बाळाची यासाठी तपासणी होते, आणि नव्वदीच्या दशकात औषध आल्यापासून ही मुलं जगतात.

पायरीचा_दगड

मागे घेतो, भाटांपेक्षा वही बरी. कोल्हापुरी, त्या गोदामावरच्या त्रांब्लेचं काय निघालं?

बर्फातला_कोल्हापुरी

तेच सांगायला आलो होतो. आमचा टीमवाला दोन शनिवार त्याच्यामागे लागला होता. आजोबांचं लग्न कुठल्या चर्चमध्ये, पणजीचं माहेर कुठलं. तो आपला हूं हूं करत खोकी मोजायचा. शेवटी काल कॉफी घेताना बोलला. तो मुळात इथला नाहीच. पंधरा वर्षांपूर्वी लियोंहून आलाय. इथे बँकेत, दवाखान्यात, टॅक्सीत, जो तो नाव ऐकून विचारतो, "सागनेचे का?" आणि तो सांगून सांगून थकलाय की मी कोणाचा कोणी नाही.

टीमवाल्याचा चेहरा पडला. मी गोदामवाल्याला माझ्या डब्यातली अर्धी भाकरी दिली आणि म्हटलं, बस, पाटील.

शेवंती

भाकरी क्वेबेकात? पीठ कुठून आणता ते आधी सांगा.